टाचेमागे 'फट्ट' झालं तर आधी पोटरी दाबून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या शेजारच्या गावचे एक शेतकरी माझ्याकडे आले. वय अडतीस. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सोयाबीनची पोती उतरवून झाल्यावर त्यांनी ट्रॉलीवरून खाली उडी मारली आणि टाचेच्या वर, मागच्या बाजूला काहीतरी तुटल्यासारखं झालं. साडेतीन महिन्यांत त्यांनी तीन ठिकाणी पाय दाखवला. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच, "लचक आहे, बसेल." मी त्यांना ओसरीवरच्या बाजेवर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर काढायला लावली आणि दोन्ही पोटऱ्या एकेक करून दाबल्या. डावी दाबली की डावं पाऊल खाली झुकायचं. उजवी कितीही दाबली तरी उजवं पाऊल जागचं हललं नाही.

टाचेची शीर पूर्ण तुटलेली होती. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. ही रक्ताची शीर नव्हे, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड दोरी. लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुटलेली टोकं आता एकमेकांपासून लांब गेली आहेत. नुसतं शिवून भागणार नाही, कदाचित अंगठ्याकडे जाणारी दुसरी शीर तिथे आणून बसवावी लागेल. मोठं ऑपरेशन आहे. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता उरलेला नाही. माझीही तीच शीर तुटली होती, पण माझ्यापुढे दोन रस्ते होते, कारण माझे नऊच दिवस वाया गेले होते. त्यांचं ऐकल्यापासून मला झोप लागत नाही, म्हणून हे पत्र.

मी कळंब तालुक्यातल्या एका शाळेत खो-खो शिकवते. धाराशिव जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आमच्या मैदानावर येणाऱ्या मुलींच्या आयांनीच मुलींना पाठवायला सुरुवात केली. १७ डिसेंबर २०२४ ची सकाळ होती. थंडी होती, मला यायला उशीर झाला होता, अंग मोकळं न करताच मी चौदा वर्षांखालच्या मुलींना दाखवायला चौकोनात बसले. खो मिळाला की ढुंगण वर न नेता पुढच्या पायावर जोर देऊन कसं उठायचं, हे मी वीस वर्षं दाखवत आले आहे. उठले, आणि मागून कुणीतरी टाचेवर वीट मारली असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. दोन-तीन मुली म्हणाल्या, "मॅडम, फट्ट वाजलं."

मागे वळून पाहणं आणि कुणीच नसणं, हे या दुखापतीचं जवळपास ठरलेलं लक्षण आहे, असं मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मला भलतंच वाटलं, कारण दहा मिनिटांत दुखणं कमी झालं आणि मी पाय सपाट टेकवत चालूही लागले. सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर दवाखान्यात गेले. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज, दुखण्याची गोळी, एक इंजेक्शन, आठ दिवस आराम. पोटरीला कुणी हात लावला नाही. एक्स-रेत शीर दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, "चालूलालीस की गं, मग मोडलंय कुठं?" त्यांचं म्हणणं मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी जवळच्या गावात मुरगळ काढणाऱ्यांकडे नेलं. त्यांनी तेल लावून पाऊल वर ओढलं तेव्हा मी ओरडले. तुटलेल्या शिरेची टोकं जवळ यावीत म्हणून पाऊल खाली झुकलेलं ठेवायचं असतं आणि आम्ही नेमकं उलटं केलं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यांनी मनापासून मुरगळच काढली. मुरगळ नव्हती, एवढंच.

नवव्या दिवशी स्वयंपाकघरात फळीवरचा डबा काढायला गेले आणि डावी टाच उचलेना. उजव्या पायावर उंच होता येत होतं, डाव्यावर नाही. त्याच दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी नाताळच्या सुट्टीत भेटायला आली. ती लातूरला फिजिओथेरपी शिकते. तिने मला पलंगावर पालथं झोपवलं आणि पोटऱ्या दाबल्या. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.

तिनेच मग कागदावर काढून समजावलं. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एका जाड दोरीत उतरतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला बांधलेली असते. शरीरातली ही सगळ्यांत जाड, सगळ्यांत मजबूत शीर. पण टाचेपासून दोन ते सहा सेंटीमीटर वरच्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती बहुधा तिथेच तुटते, आणि तीस ते पन्नास वयाच्या माणसांची जास्त. पोटरी दाबली की शीर ओढली जाते आणि पाऊल खाली झुकतं. शीर तुटली असेल तर पाऊल ढिम्म राहतं. याला थॉम्पसन टेस्ट म्हणतात. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट लागतं. आणि माणूस चालू कसा शकतो? घोट्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दुसऱ्या लहान शिरा पाऊल थोडंफार खाली ढकलू शकतात. त्यामुळे "बोटं हलव, पाऊल हलव" म्हटलं की ते हलतं आणि तपासणारा फसतो.

संपादक महोदय, माझी पहिली विनंती एवढीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र असो, ग्रामीण रुग्णालय असो की गावातला खासगी दवाखाना, टाचेमागे लागलंय म्हणून कुणी आलं की पालथं झोपवून पोटरी दाबावी. आमच्यासारख्या क्रीडा शिक्षकांनाही हे शिकवावं. आमच्या प्रशिक्षणात कबड्डीचे नियम शिकवतात, शीर तुटली तर काय करायचं हे शिकवत नाहीत. घरच्या घरी दाबून बघितलं आणि शंका आली तर पाऊल खाली झुकलेलं ठेवून लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून खात्री ते करतील. मालिश मात्र करू नये.

आता उपचार निवडण्याबद्दल. मला त्या वेळी हे समजावणारं माणूस हवं होतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

लातूरला पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत निकाल झाला, "उद्या भरती व्हा, परवा ऑपरेशन." माझ्या मालकांनी तिथेच होकार दिला. ऑपरेशन केलं की विषय संपला, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि प्लास्टर किंवा पाऊल झुकलेलं ठेवणारा कडक बूट म्हणजे गरिबाचा तात्पुरता इलाज. मी म्हटलं, एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाऊल खाली झुकवून सोनोग्राफी करवली. झुकवल्यावर तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती. मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, दोन रस्ते आहेत. एक ऑपरेशन, दुसरा बूट आणि व्यायाम. दोन आठवड्यांच्या आत आलात म्हणून दुसरा रस्ता अजून उघडा आहे."

त्यांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं होतं. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींना ऑपरेशन न करता बूट-व्यायाम, काहींचं मोठा छेद घेऊन ऑपरेशन, काहींचं छोट्या छेदांतून. वर्षभरानंतर चालणं, पळणं, ताकद याबद्दल रुग्णांना विचारलं तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखे निघाले. फरक दोन ठिकाणी होता. ऑपरेशन न केलेल्यांत शंभरातल्या सहा जणांची शीर पुन्हा तुटली, ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. उलट पायाच्या नसेला, म्हणजे नर्व्हला, इजा होण्याचं प्रमाण छोट्या छेदांच्या ऑपरेशनात शंभरात पाच, मोठ्या छेदाच्या ऑपरेशनात तीनच्या आसपास आणि ऑपरेशन न केलेल्यांत एकाहून कमी होतं. शिवाय टाचेवरची कातडी पातळ असते, तिथली जखम चिघळली तर लवकर भरत नाही.

मला तीन वर्षांपासून साखर आहे. तेव्हाची साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ७.८ होती, म्हणजे हवी त्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाबतीत मला जखमेची भीती जास्त वाटते. पण तुम्ही खेळ शिकवता, पुन्हा तुटण्याची भीतीही खरी आहे. निर्णय तुमचा." मी विचारलं, ऑपरेशन केलं तर लवकर मैदानावर जाता येईल का? ते म्हणाले, बूट तितकेच आठवडे, व्यायाम तितकेच महिने. हे उत्तर ऐकलं आणि माझं ठरलं. मी ऑपरेशन नको म्हटलं.

कुणी असं समजू नये की मी ऑपरेशनच्या विरोधात आहे. आमच्या एका शिक्षकाचा भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता, चोवीस वर्षांचा, साखर-बिखर काही नाही. त्याने ऑपरेशन करून घेतलं आणि त्याच्यासाठी ते बरोबरच होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही रस्ते माणसासमोर मांडावेत. आमच्या विम्याची अट अशी की चोवीस तास भरती असाल तरच पैसे. म्हणजे ऑपरेशन केलं असतं तर पैसे मिळाले असते. बूट, सोनोग्राफी, महिनोन् महिने व्यायाम, याचा सगळा खर्च खिशातून. अशा अटीने माणूस नकळत ऑपरेशनकडे ढकलला जातो आणि शेवटी तेच आपण निवडलं असं त्याला वाटतं. याचा विचार विम्याचे नियम करणाऱ्यांनी करावा.

एक गोष्ट आणखी. डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठल्या गोळ्या घेतल्या?" मी नोव्हेंबरच्या शेवटी लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या. चिठ्ठी नव्हती, नेहमीच आणतो तशा आणल्या. या जातीच्या गोळ्यांनी शीर सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. माझी शीर त्याच गोळ्यांनी तुटली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये या गोळ्या चिवड्यासारख्या विकल्या जातात, आणि खेळणाऱ्या-राबणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

मग बुटाचे दिवस आले. गुडघ्याखालपर्यंतचा कडक बूट, आत टाचेखाली एकावर एक पाचरी, म्हणजे पाऊल खाली झुकलेलं राहतं. दर काही दिवसांनी डॉक्टर सांगतील तशी एक पाचर काढायची. पाचरी लातुरात मिळाल्या नाहीत. शेवटी चपला शिवणाऱ्या आमच्या ओळखीच्या कारागिराने रबराच्या कापून दिल्या, डॉक्टरांनी त्या बुटात घालून बघितल्या आणि चालतील म्हणाले. त्या कारागिराने पैसे घेतले नाहीत. घरातल्यांनी विचारलं, साधं प्लास्टर का नको? ब्रिटनमध्ये ५४० रुग्णांवर प्लास्टर आणि बूट यांची तुलना झाली होती, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी दोन्ही सारखेच निघाले. पण बुटात पहिल्यापासून पाय टेकता येतो, तो काढून पाय बघता येतो आणि हलका व्यायाम करता येतो.

डॉक्टरांच्या छापील कागदावर सगळं होतं, फक्त आपलं घर नव्हतं. पाय बघण्या-व्यायामापुरता सोडला तर बूट झोपेतही काढायचा नाही, एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, असं त्यात होतं. आपल्या घरात उंबऱ्याबाहेर चप्पल काढणं रक्तात आहे. देवघर तर सोडाच, स्वयंपाकघरातही पायात काही घालून कुणी जात नाही. पहिले दोन दिवस मी उंबऱ्याशी अडखळायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः बुटाचा तळ ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाल्या, "आता हा तुझा पायच हाय. चल आत." चौसष्ट वर्षांच्या त्या बाईने रोज सकाळी तो तळ पुसला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका माझ्या पायाकडे बघत होत्या, तेव्हा सगळ्यांना समजावून सांगायलाही त्याच पुढे.

आणि संडास. हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते, कारण या एका गोष्टीवर शीर पुन्हा तुटू शकते. उकिडवं बसलं की टाच टेकलेली राहते, नडगी पुढे झुकते आणि टाचेची शीर पूर्ण ताणली जाते. भरत आलेली शीर ताणून लांब झाली तर ती जुळली तरी ढिली राहते आणि टाच उचलायची ताकद येत नाही. मला पाच महिने उकिडवं बसायला मनाई होती. आम्ही भांड्याची खुर्ची विकत आणली. ज्यांच्या घरी फक्त भारतीय पद्धतीचा संडास आहे, त्यांना डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे विचारलं पाहिजे. जमिनीवर बसून भाकरी थापणं, मोरीत उकिडवं बसून भांडी घासणं, कापूस वेचताना वाकणं, सगळं याच्यातच येतं. बाईच्या दिवसातले निम्मे तास उकिडवे जातात आणि कागदावर त्याचा उल्लेख नसतो.

तिसऱ्या आठवड्यात पोटरी सुजून दुखायला लागली. पाय बांधलेला असला की रक्ताची गुठळी होऊ शकते, असं सांगून ठेवलेलं असल्यामुळे रात्रीच लातूर गाठलं. गुठळी नव्हती. १९ जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत होती. माझ्या मुली घरी आल्या, उशीवर बूट ठेवून मी आणि त्या सगळ्या मोबाईलला डोळे लावून बसलो. आपल्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं तेव्हा मुलींनी घर डोक्यावर घेतलं आणि मला उठून उडी मारता आली नाही म्हणून मी रडले.

दहाव्या आठवड्यात बूट सुटला. सगळ्यांत जपायचे दिवस तेव्हा सुरू होतात, कारण आपल्याला वाटतं बरे झालो आणि शीर अजून कच्ची असते. अकराव्या आठवड्यात ओल्या अंगणात पाय घसरला, कशीबशी सावरले, ती भीती अजून आठवते.

यापुढचं सगळं फिजिओथेरपीवर. अंबाजोगाई, लातूर, संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोचलं की ती मिळते. आमच्या गावाहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, पण एसटीच्या पायऱ्या चढायलाच पहिल्यांदा दोघांनी उचललं. मी पगारी शिक्षिका, रजा मिळाली. रोजंदारीवरच्या माणसाने दर पंधरा दिवसांनी एक दिवस बुडवायचा कसा? तो एकदा जाईल, दोनदा जाईल, मग जाणार नाही. व्यायाम सुटला की ऑपरेशन केलेलं असो वा नसो, पाय लंगडाच राहील. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, फिजिओथेरपिस्ट बसला तरी पुष्कळ होईल. बाजाराला माणसं येतातच.

दोन्ही पायांवर टाचा उचलायला मला चौदावा आठवडा लागला. एकट्या डाव्या पायावर पहिल्यांदा टाच उचलली ती सातव्या महिन्यात, शाळेच्या व्हरांड्यात खांबाला धरून. आज तेरा महिने झाले. उजव्यावर पंचवीस वेळा उचलते, डाव्यावर सोळा. डावी पोटरी अजून बारीक दिसते. हळू पळते, चौकोनात बसते, खो देते. उठून कसं पळायचं हे मात्र आता दहावीतली मुलगी दाखवते, मी शेजारी उभी राहून सांगते.

माझा बूट आणि रबराच्या पाचरी धुऊन, वाळवून शाळेच्या क्रीडा साहित्याच्या कपाटात ठेवल्या आहेत. तो बूट डाव्या-उजव्या कुठल्याही पायाला चालतो. तालुक्यातल्या कुणाला लागला तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यावं आणि बरं झाल्यावर परत आणून द्यावा. माझा फोन नंबर या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला वेगळा कळवला आहे. मागणाऱ्याला तो जरूर द्यावा. माझं नाव मात्र छापू नये, ज्या दवाखान्यांचा उल्लेख आला आहे त्यांना कुणी ओळखावं अशी माझी इच्छा नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक खो-खो शिक्षिका
ता. कळंब, जि. धाराशिव